धुतलेली बाजरी

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक कोपरा असतो. तिथे काडी मोडलेली छत्री असते, मुदत संपलेल्या गोळ्यांची डबी असते, तळाशी चार बोटं रंग उरलेला डबा असतो. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. ‘कुणाला तरी होईल’ म्हणून आपण ते ठेवून देतो आणि एके दिवशी खरोखरच कुणाला तरी देऊन टाकतो. दिल्याचं समाधान मिळतं, कोपराही मोकळा होतो. ते ‘कुणाला तरी’ म्हणजे नेमकं कुणाला, हे मात्र आपण फारसं विचारत नाही.

मिरजगावजवळच्या एका वस्तीवर, निकिताच्या घरी, हा प्रश्न मार्च महिन्यात थेट परसदारी येऊन पडला.

घरामागे एक शेवगा, एक कढीपत्ता, धुणं धुवायचा दगड आणि त्यापलीकडे कांद्याचं रान. शेवग्याखाली निकिताच्या सासूबाई, बनुबाई, रोज उजाडताना एक पितळी परात ठेवायच्या. परातीत दोन मुठी धान्य, शेजारी मातीच्या थाळीत पाणी. नवरा गेल्याच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांनी हे सुरू केलं होतं आणि एकोणीस वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. कधी ज्वारी, कधी बाजरी, कधी तांदळाच्या कण्या. आपला चहा त्यानंतर.

निकिता नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. हर्षलशी लग्न होऊन आली तेव्हा तिला पक्ष्यांची लॅटिन नावं पाठ होती आणि समोर बसलेला पक्षी ओळखता येत नव्हता. बनुबाईंचं बरोबर उलटं होतं.

“ती लाल बुडाची बुलबुल. ती दाने खात न्हाई, तिला पपई लागती,” त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. “ह्या चिमन्या, भांडकुदळ. आन् गळ्यावर ठिपकं हायेत ना, त्यो होला. गरीब जनावर. त्येला कुनी ढकललं तर बाजूला सरतो.”

“आई, हे सगळं मी लिहून ठेवू का?”

“लिही की. माझं काय जातंय?”

तेव्हापासून एक दोनशे पानी वही परसदाराच्या खिळ्याला दोऱ्याने लटकत होती. तारीख, वेळ, कोण आलं, किती आले, काय खाल्लं. सहा वर्षांत तिसरी वही चालू होती. डाव्या पायाचं एक बोट तुटलेला एक होला त्या वहीत वारंवार यायचा. बनुबाईंनी त्याला ‘पाव्हना’ नाव दिलं होतं, कारण सगळ्यांचं झाल्याशिवाय तो परातीपाशी यायचाच नाही. कडेला उभा राहून वाट बघायचा.

त्या मार्चमध्ये, एका बुधवारी, परातीजवळ एक होला मेलेला सापडला.

“मांजर,” बनुबाई म्हणाल्या.

पण अंगावर जखम नव्हती. एक पीस विस्कटलेलं नव्हतं. निकिताने तो उचलून पाहिला आणि कांद्याच्या बांधाला पुरला.

गुरुवारी दोन मेले. शेजारच्या बायडाबाई कुंपणावरून डोकावल्या. त्यांच्या सात कोंबड्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

“अगं आक्का, ह्यो बर्ड फ्लू हाय! लांब ऱ्हा त्येच्यापासून. सरकारी मानसं आली की आधी माझ्याच कोंबड्या उचलून न्हेतील, तुझी पाखरं कुनी न्हेनार न्हाई.”

“बायडे, तुझ्या तोंडाला काय कुलूप हाय का न्हाई?”

“म्या आपली भीती सांगितली. तुला राग आला तर आला!”

निकिताने वही काढली आणि मागच्या दहा दिवसांची पानं उघडून पायरीवर बसली. सोमवारपर्यंत सगळं ठीक होतं: होले अकरा, चिमण्या पंचवीस-तीस, बुलबुल दोन, साळुंक्या चार. मंगळवारी होले नऊ, आणि पुढे तिनेच लिहिलं होतं: ‘एक उडताना भिंतीला धडकला. नंतर पंख लोंबकळत बसून राहिला.’ बुधवारी होले पाच. चिमण्याही कमी, त्यातली एक फुगून बसलेली. बुलबुल मात्र दोनच्या दोन. शेवग्याच्या फुलांवर येणारा शिंजीरही रोजच्यासारखा.

तिने पेन्सिलीने एक रेघ मारली. पाणी सगळेच पीत होते. ऊन सगळ्यांनाच लागत होतं. आजार असता तर साळुंक्यांनाही झाला असता. मरत होते ते फक्त दाणे खाणारे, आणि त्यातही सगळ्यात जास्त होले. चिमणी दाणा चोचीत फोडते, निम्मा सांडते. होला दाणे अख्खे गिळतो, एकामागून एक, आणि गळ्याखालच्या पिशवीत साठवून ठेवतो.

आणखी एक ओळ होती. रविवारची. ‘कढीपत्त्याच्या बुडाशी मुंग्यांची रांग नाही.’ लिहिताना तिने त्याचा काही अर्थ लावला नव्हता.

“आई, परातीत सध्या कोणते दाणे टाकताय?”

“बाजरी. हर्षलनं दिलेली. चांगली निवडून, धुवून टाकतीया.”

“धुवून?”

“मग? पाखरांना काय मातीमुती घालायची?”

बाजरी दिसायला साधीच होती, किंचित मळकट. डब्यातला दाणा तिने नखाने दाबून पाहिला, वास घेतला. काही कळेना. तिने बनुबाईंना एवढंच सांगितलं, “दोन दिवस दाणे नको टाकूया. पाणी ठेवा फक्त.”

“उपाशी ठेवू पाखरांना? एकोनीस वर्सांत न्हाई ठेवलं!”

“दोनच दिवस, आई.”

बनुबाई तोंड फिरवून आत गेल्या. पण परात उचलली नाही. शुक्रवारी सकाळी निकिता नळाचं पाणी भरत होती तेव्हा त्यांनी गुपचूप आणखी एक मूठ टाकली. त्या दिवशी मेलेले तीन होलेही त्यांनी तसेच गुपचूप बांधाला पुरले.

शनिवारी दुपारी त्या निकितासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओंजळीत पाव्हना होता. डाव्या पायाचं बोट नसलेला. मान एका बाजूला पडलेली.

“पान्यापाशी पडला व्हता,” त्या म्हणाल्या. “तडफडला लई. माझ्या हातात गेला.”

निकिताने हात पुढे केला. बनुबाईंनी लगेच दिला नाही.

“तू कालिजात बेडूक कापल्यालंस ना?”

“हो.”

“मग काप ह्येला. कशानं मेला त्ये कळू दे मला. बाकीच्यांना मराय लावू नगंस.”

निकिताने ओढणी नाकातोंडावर बांधली, दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, वर्तमानपत्र पसरलं आणि नवं ब्लेड घेतलं. सहा वर्षांत तिने कशाला चीर दिली नव्हती, पण हात विसरले नव्हते. गळ्याखालची पिशवी टरारून फुगलेली होती. तिने ती उघडून दाणे पांढऱ्या बशीत काढले आणि मोजले. त्रेसष्ट दाणे. पिशवीतल्या ओलाव्याने ते फुगले होते, आणि प्रत्येकाच्या टोकाशी, जिथून अंकुर फुटतो तिथे, फिकट गुलाबी ठिपका उतरला होता.

बनुबाई बशीवर वाकल्या.

“ही तर माझी बाजरी.”

“आई, ही खायची बाजरी नाही. पेरायची आहे. बियाण्याला औषध लावलेलं असतं, ओळखू यावं म्हणून रंग दिलेला असतो. धुताना पाणी कसलं निघालं होतं?”

“गुलाबी.” त्या खाली बसल्या. “म्या म्हनलं, रंग हाय, जाईल. तीन पान्यानं धुतली गं. पानी कढीपत्त्याला घातलं.”

मुंग्यांची रांग! निकिताला आता ते पान डोळ्यांसमोर दिसलं.

“रंग जातो आई, औषध नाही जात. ते दाण्यात मुरलेलं असतं. रोप उगवलं की पानापर्यंत पोचावं, किडीनं पान खाल्लं की कीड मरावी, म्हणून तर लावतात. ते पाण्यानं निघून गेलं असतं, तर पहिल्या पावसातच वाया गेलं असतं.”

बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “आन् मी रोज बघत बसायची. म्हनायची, खा रं बाबांनो, पोटभर खा.”

निकिताच्या मनात तेव्हा एकच विचार घुमत होता: बाकीची बाजरी कुठे गेली? ती आत जाऊन मोबाईल घेऊन आली. हर्षलच्या स्टेटसवर सकाळपासून एक फोटो होता. वस्तीवरच्या शाळेचं पटांगण, रांगेत उभी मुलं, प्रत्येकाच्या एका हातात नारळाची करवंटी आणि दुसऱ्या हातात दाण्यांची पुडी. मधोमध हार घातलेला हर्षल. खाली लिहिलं होतं: ‘चिमणी दिनानिमित्त पाखरांसाठी मूठभर धान्य.’

“आई, तुम्ही किती बाजरी धुतली?”

“पोतंभर. तीन दिस धूत हुते. पोरांच्या हातून पुन्य व्हईल म्हनून.”

शाळेत अठ्ठेचाळीस मुलं होती. उद्या रविवार. उद्या सकाळी अठ्ठेचाळीस परसांत दाणे टांगले जाणार होते.

*

हर्षलचं हमरस्त्यावर कृषी सेवा केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. निकिताचा फोन गेला तसा तो मोटारसायकल काढून घरी आला. बशीतले दाणे त्याने पाहिले, आईकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा जे तोंडात आलं ते बोलला.

“चार दाण्यांनी काय होतंय? आपण फवारलेली वांगी खातोच की.”

“चार नाही, त्रेसष्ट. मोजलेत मी,” निकिता म्हणाली.

“अगं, मुदत संपलेल्या पिशव्या होत्या. काही उंदरांनी कुरतडलेल्या. कंपनी परत घेईना. फेकून देऊ? एवढं धान्य? म्हटलं पाखरांच्या तरी पोटात जाईल.”

“पिशवीवर काय लिहिलं होतं?”

हर्षलने बशी बाजूला सारली. मग म्हणाला, “बारीक अक्षरात बरंच असतं. कोण वाचतंय?”

“तुम्ही वाचायला हवं होतं. तुम्ही विकता.”

“बरं, चुकलं!” तो चिडून म्हणाला. “मी काय मुद्दाम केलं का? आपण असं करू. सोमवारी शाळेत मॅडमना सांगतो, दाणे जरा जुने निघाले, बदलून देतो. नवी बाजरी देऊ सगळ्यांना. विषय संपला.”

“जुने निघाले म्हटल्यावर लोक ती बाजरी कुठे टाकतील? कोंबड्यांपुढे. शेळीपुढे. आणि सोमवारपर्यंत पाखरं थांबणार आहेत का?”

“मग काय, गावभर सांगू, मी विष वाटलं म्हणून? दीड-दोन महिन्यांनी हंगाम आहे, निकिता. उद्या म्हणतील, ह्याचं बियाणंच विषारी. आठ वर्षं लागली मला दुकानाचं नाव करायला.”

तो कंजूष नव्हता, वाईट तर नव्हताच. म्हणून तिने आवाज चढवला नाही.

“पेरायला ते बियाणं चांगलंच आहे. त्यात खोट नाही. खोट आपल्या देण्यात झाली. जे आपण ताटात घेणार नाही ते आपण परातीत टाकलं.”

तिने शाळेच्या सरोजिनी मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई गं! फोटो गटात गेलेत, वरपर्यंत गेलेत. आता एकदम असं सांगितलं तर पालक घाबरतील. सोमवारी परिपाठाला शांतपणे गोळा करूया का?”

“मॅडम, मुलांना तुम्ही काय सांगितलंय? दाणे कधी टांगायचे?”

“उद्या सकाळी... सूर्योदयाला.” मग मॅडमचा सूर बदलला. “यादी आहे माझ्याकडे. अठ्ठेचाळीस नावं. मी निघते.”

निकिताने फोन ठेवला आणि मागे वळली. पायरीवर बनुबाई नव्हत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव्हना तिथेच होता.

“आई कुठे गेल्या?”

उत्तर मारुतीच्या देवळावरून आलं. तिथल्या कर्ण्यावरून सकाळी भजन लागायचं, आणि टँकर आला, रेशन आलं की त्याची वर्दी मिळायची. तो खरखरला. मग वस्तीने कधी ऐकला नव्हता असा एक आवाज आला. आधी थोडा लांबून, मग माइकला फारच जवळून.

“चालू हाय का रं ह्ये? ... ऐका. मी बनुबाई. हर्षलची आई. शाळंत आज पोरांना जी बाजरी दिली ती मी धुतल्याली हाय. ती पेरायची बाजरी हाय, तिला इखारी औषिद लावल्यालं हाय. धुतल्यानं जात न्हाई, मी तीनदा धुतली. माझ्या परसात सात होले मेले. कुन्या वैऱ्यानं न्हाई मारले, मी मारले. ती बाजरी पाखरांना टाकू नका. कोंबड्यांना टाकू नका. दळू नका. उकिरड्यावर टाकू नका. हाय तशी बांधून ठिवा, आमी घ्यायला येतो. हर्षलच्या आईचं येवढं ऐका.”

कर्णा बंद झाला.

हर्षल अंगणात उभा होता. त्याचं दुकान, त्याच्या पिशव्या, त्याचा हार, यातलं काही त्या बोलण्यात नव्हतं. ‘मी धुतल्याली. मी मारले.’ एकोणीस वर्षं पाखरांना चारणाऱ्या बाईने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं.

“चला,” निकिता म्हणाली. “बायडाबाईंचं घर पहिलं. त्यांच्या राजनंदिनीला पुडी मिळाली असेल.”

*

बायडाबाईंच्या अंगणात खाटेवर एक जुनं धोतर पसरलेलं होतं आणि त्यावर बाजरी वाळत होती. शेजारी घमेलं. घमेल्यात पाणी. त्या पाण्याला अगदी हलकी गुलाबी झाक होती. खाटेच्या पायाशी त्यांची सहा वर्षांची नात राजनंदिनी बसली होती, ओल्या दाण्यांतून बोटाने रस्ते काढत.

“आगं, म्या कर्ना आयकला,” बायडाबाई ओशाळून म्हणाल्या. “पर आमची तर दळायची व्हती.”

“दळायची?” हर्षल म्हणाला.

“मग? येवढी टपोरी बाजरी पाखरांला घालत्यात व्हय? म्या म्हनलं, अर्धा किलो हाय, दोन येळच्या भाकरी व्हतील. पाखरांला कण्या टाकू. जरा धुळकट वाटली म्हनून धुतली. तुझ्या आईनं धुतल्याली म्हंजी चांगलीच आसनार की!”

हर्षल राजनंदिनीसमोर उकिडवा बसला. तिचं बोट तोंडाकडे निघालं होतं. त्याने तिचा हात मनगटाला धरला.

“खाल्लेस का गं? एक तरी दाणा खाल्लास?”

मुलगी बिचकली. मान हलवली. नाही.

“नक्की?”

“आजी म्हनली, कच्ची खाल्ली की पोट दुखतं.”

हर्षलने तिला उचललं, धुण्याच्या दगडापाशी नेलं आणि तिचे दोन्ही हात साबणाने धुतले. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. आईने तीन पाण्याने धुतली होती. आणि ते गेलं नव्हतं!

“सकाळी मी हार घालून घेतला, बायडाकाकू,” तो म्हणाला. “माझ्या दुकानातली बाजरी ती. आईची चूक नाही. माझी आहे.”

बायडाबाईंनी धोतराची चारही टोकं उचलली, गाठ मारली आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं.

“ह्ये घे. धोतर बी घेऊन जा, आमच्या म्हाताऱ्याचं व्हतं, फाटल्यालंच हाय. आन् घमेल्यातल्या पान्याचं काय करू? कोंबड्या पितील.”

“सांडू नका. मी झाकणाच्या बादलीत घेतो.”

त्यानंतर हर्षलला पुढे चालायला सांगावं लागलं नाही. मॅडम यादी वाचत होत्या, निकिता खुणा करत होती आणि हर्षल प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणत होता, “माझ्या दुकानातून चुकीचं धान्य गेलंय, ते विषारी आहे, परत द्या.” पहिल्या दोन-तीन दारांत त्याला ते वाक्य जड गेलं. पुढे गेलं नाही. काहींनी मुकाट्याने पुडी दिली. एकाने खवचटपणे विचारलं, “मग हार बी परत घ्यायचा का?” हर्षल म्हणाला, “घ्या. वाळलाय, पण घ्या.” कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने बरंच सोपं झालं.

एका घरच्यांनी दाणे आधीच गच्चीवर पसरून ठेवले होते. हर्षल गुडघ्यांवर बसला आणि ओल्या फडक्याने दाणा न् दाणा टिपून घेतला. एक कुटुंब पुडीसकट सोनईला पाहुण्यांकडे गेलं होतं. मॅडमनी फोन केला, तिकडच्या लोकांनी पुडी पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवली. रानातल्या एका बाभळीला टांगलेली पुडी राहिली होती. ती अंधार पडायच्या आत हर्षलनेच काढून आणली.

अठ्ठेचाळीस खुणा पूर्ण झाल्या. निकिताने दोनदा तपासल्या.

सोमवारी परिपाठाच्या वेळी हर्षल शाळेत गेला. त्याने बियाण्याची एक रिकामी पिशवी नेली होती आणि चौथीतल्या मुलांना ती मोठ्याने वाचायला लावली. अक्षरं बारीक होती, मुलं अडखळत होती. ‘विषारी. माणसाने खाऊ नये. जनावरांना, पक्ष्यांना घालू नये.’

“आठ वर्षं ही पिशवी विकतोय,” तो मुलांना म्हणाला, “आणि आज तुमच्याकडून पहिल्यांदा पूर्ण ऐकली.”

गोळा झालेली बाजरी त्याने झाकणाच्या ड्रममध्ये बंद केली, वर लाल रंगाने ‘विष’ लिहिलं आणि तिची विल्हेवाट कशी लावायची ते विचारायला कृषी अधिकाऱ्यांकडे गेला. दुकानावर पाटी लागली: पेरून उरलेलं बियाणं घरी ठेवू नका, पाखरांना-कोंबड्यांना टाकू नका, इथे परत आणा. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी अर्धी पिशवी घेऊन आला. “दरसाली कोंबड्यांपुढंच टाकायचो की ओ,” तो म्हणाला. “मरायच्या एक-दोन. आम्हाला वाटायचं, मानमोडीची साथ आली.”

*

परात मात्र रिकामीच राहिली.

बनुबाईंनी ती घासून आढ्याला उपडी टांगली. पाण्याची थाळी त्या भरत होत्या, पण शेवग्याखाली बसत नव्हत्या. निकिता रोज वही लिहीत होती. होले शून्य. होले शून्य. चिमण्या आठ. होले शून्य.

“आई, परात ठेवायची ना?”

“माझ्या हातानं न्हाई. तू ठेव.”

“पाखरं तुम्हाला ओळखतात.”

“म्हनून तर मेली.”

निकिता त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, “तुम्ही पाव्हना माझ्या हातात दिलात म्हणून कळलं. शुक्रवारसारखंच गुपचूप पुरून टाकला असतात, तर राजनंदिनीनं भाकरी खाल्ली असती. चूक तुमची होती आणि ती शोधणंही तुमचंच होतं. पुढं काय करायचं तेही तुम्हीच ठरवा.”

बनुबाईंनी पाण्याची थाळी उचलली आणि भरायला नेली.

परात टांगल्यापासून चोविसाव्या दिवशी सकाळी निकिता मागे आली तेव्हा परात शेवग्याखाली होती. बनुबाई हातात स्वयंपाकघरातला डबा घेऊन उभ्या होत्या. भाकरीच्या बाजरीचा डबा, दळणाला जाते ती. त्यांनी चार दाणे चिमटीत घेतले, आधी आपल्या तोंडात टाकले, सावकाश चावले, गिळले. मग दोन मुठी परातीत टाकल्या.

“आता ह्येच,” त्या म्हणाल्या. “आधी माझ्या दाढंखाली, मग त्यांच्या चोचीत. ज्ये मला चालत न्हाई त्ये त्यांना न्हाई.”

हर्षल दाराशी दात घासत उभा होता. तो आत गेला आणि आपल्या कोपऱ्यातली, ‘कुणाला तरी होईल’ म्हणून ठेवलेली, मुदत संपलेल्या गोळ्यांची डबी काढून घेऊन आला. “ही दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या गड्याला देणार होतो,” तो निकिताला म्हणाला. “हिचं काय करायचं, ते सांग.”

वाचकहो, आपण सगळेच देतो. शिळं देतो, फाटकं देतो, मुदत संपलेलं देतो, आणि घेणारा बोलू शकत नसेल तर अधिकच निःशंकपणे देतो. पाखरू तक्रार करत नाही. ते फक्त दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि आपण मोजत नसलो तर ते आपल्याला कळतही नाही. म्हणून दोनच गोष्टी करूया. जे आपण स्वतः खाऊ, लेऊ, वापरू, तेच दुसऱ्याला देऊया. आणि दिल्यानंतर पाठ फिरवून निघून न जाता, घेणाऱ्याचं पुढे काय झालं ते थांबून बघूया. आणि पेरणीचं बियाणं उरलं, तर ते दुकानात परत करा. धुतल्याने ते धान्य होत नाही.

त्या दिवशी सव्वासातला कांद्याच्या रानातून एक होला आला. परातीपासून हातभर अंतरावर उतरला. चिमण्या खात होत्या तोवर कडेला उभा राहिला. मग पुढे सरकला.

बनुबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याचे पाय पाहिले. दोन्ही पायांची सगळी बोटं जागेवर होती.

“नवा हाय,” त्या म्हणाल्या. “लिही.”

निकिताने वेळ लिहिली आणि त्यापुढे: होले, एक.